फेब्रुवारीत मोजलेलं गाव

सुनेने परवा लॅपटॉपवर एक भलामोठा तक्ता उघडून दिला. २०११ च्या जनगणनेचा, रत्नागिरी जिल्ह्याचा गाववार गोषवारा. सुमारे दीड हजार गावं एकाखाली एक, प्रत्येकाला सहा आकडी क्रमांक, आणि उजवीकडे रकान्यांची रांग: कुटुंबं, एकूण माणसं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे, न करणारे. मंडणगडापासून सुरू होणारी ती यादी मी लांजा तालुक्यापर्यंत खाली सरकवत नेली, आमच्या गावाची ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवून बसून राहिले. सून म्हणाली, "आई, एवढं काय बघताय?"

म्हटलं, "यातली निम्मी माणसं मी लिहिलीत."

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत माझी नोकरी झाली. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांना मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं लिहिणारी, होते. पहिल्या वेळी शेजारच्या तालुक्यात, पुढच्या दोन्ही वेळा आमच्याच गावात. गावाचे दोन गट पडले होते. एक गट आमच्या शाळेतल्या गुरुजींकडे, दुसरा माझ्याकडे. त्यामुळे त्या ओळीतला आकडा मला आकडा म्हणून दिसतच नाही. पाखाडीच्या पायऱ्या दिसतात, पडवीत मांडलेली खुर्ची दिसते, आणि "बाई, आदी च्या घ्या, मग लिव्हा" हे ऐकू येतं.

त्या तक्त्यात सगळ्यात आधी मला काय खटकलं असेल, तर त्यात वाड्या नाहीत. आमचं गाव म्हणजे नऊ वाड्या. वरची वाडी सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला, खालची वहाळाला, म्हणजे ओढ्याला, लागून, मध्ये गुरववाडी, कुंभारवाडी, बौद्धवाडी, आणि एक वाडी तर पऱ्याच्या पलीकडे, पावसात साकव ओलांडून जायची. घाटावर गाव म्हणजे एका जागी दाटून बसलेली घरं. कोकणात गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या वाड्यांचा कुटुंबकबिला. पण जनगणनेचा तक्ता महसुली गाव धरून चालतो. नऊ वाड्यांची मिळून एक ओळ. वरच्या वाडीत माणसं किती उरली, हे त्या ओळीतून कधीच कळणार नाही, आणि आमच्याकडे खरा प्रश्न नेहमी वरच्या वाडीचाच असतो.

गावांच्या माहितीची दुसरी एक सूची असते, त्यात दवाखाना, शाळा, पोस्ट, बस किती लांब ते दिलेलं असतं. गावात सोय नसेल तर तीनच उत्तरं: ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १०, किंवा १० च्या वर. आमच्या वरच्या वाडीपासून डांबरी रस्ता पाच किलोमीटरच्या पुष्कळच आत आहे. पण तो पावणेदोनशे पायऱ्या खाली आहे. गरोदर बाईला डोलीत घालून त्या पायऱ्या उतरवताना मी पाहिलंय. तिच्या वाटेला त्या सूचीत एकच अक्षर मिळतं, "जवळ" या अर्थाचं.

आता माझ्या मनात जे घर करून बसलंय ते सांगते.

जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरयादी, मग प्रत्यक्ष माणसांची गणना. २०१० च्या मे महिन्यात आम्ही घरयादीला निघालो. हातात नजरी नकाशा. तोही आम्हीच काढलेला: देऊळ, सहाण, विहीर, शाळा, पायवाटा, आणि प्रत्येक घराला एक चौकोन. दारावर क्रमांक घालत फिरायचं. भिंत कशाची, छप्पर कशाचं, पाणी कुठून, संडास आहे का, टीव्ही आहे का, असे प्रश्न.

मे महिना म्हणजे आमच्या गावाचा भर. शाळांना सुट्टी, आंबा-फणस-काजू, लग्नं, सत्यनारायण. प्रत्येक घरात मुंबईकर. खळ्यात पोरं क्रिकेट खेळतायत, पडवीत फणस फोडून ठेवलाय, आणि पाण्यावरून भांडणं चाललीयत, कारण विहीर तीच आणि माणसं दुप्पट. बहुतेक दारं उघडी होती. एका दिवसात किती चहा प्याले ते आठवत नाही.

मग ९ फेब्रुवारी २०११ ला पत्रकं लावायची तीच पाटी, तोच नकाशा घेऊन मी त्याच वाटेने निघाले. गणनेचे दिवस ९ ते २८ फेब्रुवारी. गुरववाडीच्या वरच्या अंगाला ओळीने पाच घरं आहेत. मे महिन्यात तिथे मला बसायला पाट दिला होता, रायवळ आंब्यांचा हारा पुढे केला होता. फेब्रुवारीत पाचही दारांना कुलूप. मी घातलेले क्रमांक तेवढे दारांवर होते. अंगणात पाचोळा इतका साचला होता की पाय घोट्यापर्यंत जात होता. पाचव्या घरापुढे उभी राहिले तेव्हा वाटलं, आपण चुकीच्या वाडीत तर आलो नाही ना.

फेब्रुवारी हा आमच्या गावाचा सगळ्यात रिकामा महिना. भात घरात आलेलं, गणपती-दिवाळी होऊन गेलेली, काजू-आंबा मोहोरावर, मुंबईत पोरांच्या परीक्षा जवळ आलेल्या. शिमगा अजून पुढे. २०११ ला होळी १९ मार्चला होती. आमची गणना, तिच्या १ ते ५ मार्चच्या फेरतपासणीसकट, होळीच्या दोन आठवडे आधी आटोपली. म्हणजे पालखी देवळातून बाहेर पडायच्या आधी, चाकरमान्यांनी एसटीची तिकिटं काढून ठेवलेली असताना, सरकारने आमचं गाव मोजलं आणि वही मिटली. देशभर एकाच वेळी मोजायचं तर कुठला तरी महिना ठरवायलाच हवा, हे मला समजतं. पण आमच्या वाट्याला तो फेब्रुवारी आलाय, आणि दर दहा वर्षांनी गाव फेब्रुवारीतलंच कागदावर जातं.

नियम साधा आहे. माणूस जिथे नेहमी राहतो आणि त्या वीस दिवसांत कधी ना कधी तिथे असतो, तिथे तो मोजायचा. वीसही दिवस बाहेर असेल तर घरच्यांनी कितीही सांगितलं तरी लिहायचा नाही. आणि कुटुंब म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं. रेशन कार्डावर काय आहे ते बघायचं नाही, सात-बारावर कोणाचं नाव आहे ते बघायचं नाही. चूल बघायची. या व्याख्येपुढे मी आजही हात जोडते, इतकी ती शहाणी आहे. खालच्या वाडीत दोन सख्खे भाऊ एका घरात राहत, मधोमध कुडाची भिंत. दोघांत बोलणं नव्हतं. मोठ्याने सांगितलं, "एकच घर आमचं." मी आत डोकावले तर चुली दोन. दोन कुटुंबं लिहिली. मोठ्याची मान खाली गेली. त्याला ते कागदावर नको होतं. मला वाईट वाटलं, पण चूल खोटं बोलत नाही.

वरच्या वाडीतल्या आजींचं मात्र मला अजून जमलेलं नाही. म्हणजे मी केलं ते नियमाप्रमाणेच केलं, पण मनाला ते अजून पटवून देता आलेलं नाही.

आजी एकट्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "गांधीबाबाला मारला तवा मी सासरी आलेली." त्यावरून हिशेब करून लिहिलं. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर गावी परतला, तो काही वर्षांत वारला. मुलगे तीन, तिघेही मुंबईच्या बाजूला. सूप बाजूला ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या आणि मी "कुटुंबातल्या माणसांची नावं सांगा" म्हटल्यावर ओळीने सांगायला लागल्या: मोठा, त्याची बायको, दोन पोरं; मधला, त्याची बायको, मुलगी; धाकटा, त्याची बायको, त्याचा अजून नाव न ठेवलेला मुलगा. मी पेन उचललं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"लिव्हा की."

मी समजावलं, की आजी, इथे फक्त तुमचं नाव लिहिता येतं. ते मुंबईला मोजले जातील.

"घर त्यांचा हाय ना? देवाचा नारळ त्यांच्या नावाचा देतात ना? मग हितं का नाय?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव "मुंबय-पुण्याक असतील नसतील त्या लेकरांना सांभाळ" असं म्हणतो, त्याच्या मोजणीत ती सगळी असतात. माझ्या पत्रकात नसतात. मग मला एक गोष्ट आठवली आणि ती मी त्यांना सांगितली. मुंबईला जो प्रगणक जाईल, तो त्यांना जन्म कुठे झाला ते विचारेल. गाव, जिल्हा, राज्य. त्या रकान्यात आपलं गाव लिहिलं जाईल. आजींनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "म्हंजे तिकडच्या कागदावर आपला गाव जायल." हो म्हटलं. "बरा मग. माजा एकटीचा लिव्हा."

एकूण माणसं: १. पुरुष: ०. स्त्रिया: १.

आता हे एक घर जिल्हाभर पसरून बघा, म्हणजे आकडे बोलायला लागतात.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ ला १५,४४,०५७ होती. २००१ ला १६,९६,७७७ झाली. आणि २०११ ला १६,१५,०६९. दहा वर्षांत ८१,७०८ माणसं कमी. हा आकडा केवढा ते मला तेव्हा कळलं जेव्हा मी शेजारी रत्नागिरी शहराचा आकडा पाहिला: नगरपरिषदेच्या हद्दीत ७६,२२९. जिल्ह्याचं जे मुख्य शहर, ते सगळंच्या सगळं, मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत, उचलून नेलं तरी तेवढी माणसं होत नाहीत. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढून ११ कोटी २३ लाखांच्या पुढे गेली. अख्ख्या राज्यात माणसं घटलेले जिल्हे तीनच: मुंबई शहर, रत्नागिरी आणि आमचा धाकटा भाऊ सिंधुदुर्ग. तो १९८१ ला आमच्यातूनच वेगळा झाला, आणि या बाबतीत आमच्याच वाटेने गेला: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१.

माणसं गेली कुठे, हे बघायला लांब जायला नको. ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच होता, त्याच काळात ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला आणि देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा ठरला. तिथे देशभरातून माणसं आली, आमची त्यातली थोडीच. पण आमच्या प्रत्येक वाडीचा एक तुकडा नालासोपाऱ्याला, विरारला, दिव्याला, डोंबिवलीला, बदलापूरला आहे, हे सांगायला कुठला तक्ता लागत नाही. गावच्या मंडळाची वार्षिक सभा गेली कितीतरी वर्षं तिकडेच भरते.

दुसरा आकडा स्त्री-पुरुषांचा. २०११ ला जिल्ह्यात पुरुष ७,६१,१२१ आणि स्त्रिया ८,५३,९४८. हजार पुरुषांमागे ११२२ बायका. राज्यात हेच प्रमाण ९२९. दर वेळी हा आकडा बाहेर आला की भाषणांतून कौतुक होतं, की कोकण पुरोगामी, कोकणात मुलींना मान. मला ते ऐकवत नाही. मुलींना मान असेल तर आनंदच आहे, पण हा आकडा त्याचा नाही. त्याच तक्त्यात शेजारीच सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा आहे. तिथे मुली मुलांपेक्षा कमीच आहेत, हजाराच्या खाली, आणि २००१ पेक्षा २०११ ला आणखी खाली. ११२२ म्हणजे हजार पुरुषांमागे जास्त बायका जन्मल्या असं नाही. पुरुष निघून गेले, बायका मागे राहिल्या. गिरण्या होत्या तेव्हापासूनचं हे आहे. बाप्ये गिरणीत, बायका शेतात, आणि मधे पोस्टमन मनीऑर्डर घेऊन चालत यायचा.

आणि बारकाईने बघितलं तर तोही आकडा उतरत आलाय. १९९१ ला १२०५ होता, २००१ ला ११३६, मग ११२२. मला सुरुवातीला वाटलं, पुरुष परत येतायत की काय. पण एकूण माणसं घटत असताना ते कसं होईल? माझ्या वाट्याला आलेल्या गटांत मी जे डोळ्यांनी पाहिलं ते असं: १९९१ ला नवरा मुंबईला आणि बायको-मुलं गावाला, अशी घरं होती. २०११ ला बायको-मुलंही गेलेली. उपनगरात एक खोली झाली, तिथली शाळा बरी वाटली, की फेब्रुवारीत दाराला कुलूप लागलंच. आधी घरातून पुरुष वजा झाला, मग घरच वजा झालं. बाकी उरली ती सासू. म्हणून ११२२ मधल्या माझ्या गटातल्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या होत्या. शाळेच्या हजेरीपटावर ते मला जनगणनेच्या आधीच दिसलं होतं. ज्या शाळेत मी चौथीपर्यंत चार वर्ग वेगवेगळे बसलेले पाहिले, तिथे निवृत्तीच्या वर्षी चारही इयत्ता एका खोलीत मावत होत्या.

त्या बायकांचं काम लिहिताना मी जितकी भांडले तितकी दुसऱ्या कुठल्या रकान्यासाठी नाही. "काम काय करता?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय नाय, घरीच असते." पत्रकात "काम नाही" लिहिलं की पुढचे प्रश्न वाचतात, प्रगणक लवकर सुटतो. प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं होतं, बायकांना खोदून विचारा. मी विचारायची. तरवा कोण काढतं? लावणी कोणाची? भाजावळीसाठी कवळ तोडून कोण आणतं? काजू वेचायला पहाटे कोण जातं? म्हैस कोणाच्या हाताची? हळूहळू चेहरा बदलायचा. "ता मीच करते, पण ता काय काम?" ते काम आहे, असं मी म्हणायची आणि लिहायची. वर्षात सहा महिने किंवा जास्त दिवस भरले तर मुख्य काम करणारी, नाहीतर सीमांतिक. आमच्याकडे भात पावसाळी, एकच पीक. भाताचे दिवस सहा महिने होत नाहीत. त्यात काजू, गवत, लाकूडफाटा, गुरं असं सगळं धरून मी एकेका बाईचे दिवस बोटांवर मोजले आहेत. पर्यवेक्षक माझे गठ्ठे सगळ्यांत शेवटी येतात म्हणून कुरकुरायचे. येऊ देत. त्या तक्त्यात आमच्या गावात शेती करणाऱ्या बायकांचा रकाना पुरुषांच्या रकान्यापेक्षा मोठा दिसतो, तो बघून मला परवा बरं वाटलं.

आणि हो, त्या फेब्रुवारीत माझ्या गटात चार नेपाळी माणसंही लिहिली गेली. खालच्या अंगाला कलमांची मोठी बाग आहे, तिथल्या मांगरात ती राखणीला होती. आमच्याकडे बागांमध्ये पावसाळा संपला की ती येतात, आंबा उतरला की जातात. वीसही दिवस इथेच, म्हणून इथेच मोजली. ज्यांचं गाव आहे ते कागदावर नाहीत, आणि ज्यांना गावाच्या ग्रामदेवतेचं नाव माहीत नाही ते आहेत, हे लिहिताना हात क्षणभर थांबला होता. पण मग वाटलं, बागेला रात्री जागणारा माणूस तो आहे. वानर तो हाकतोय. मग त्यालाच मोजायला हवं.

फेरतपासणीचे दिवस मात्र जिवावर येतात. जनगणनेची वेळ म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो ती मध्यरात्र. आपण आधी लिहून गेलो आणि त्या मध्यरात्रीच्या आत कोणी जन्मलं किंवा गेलं, तर १ ते ५ मार्चमध्ये परत जाऊन दुरुस्ती करायची. कुंभारवाडीत एक म्हातारं जोडपं होतं. मी १४ तारखेला दोघांना लिहिलं. म्हाताऱ्यांनी माझी पाटी हातात घेऊन स्वतःचं नाव वाचून बघितलं होतं, दुसरीपर्यंत शिकलेले होते. २६ ला ते गेले. ३ मार्चला मी गेले तेव्हा दिवस चालू होते. बाईंनी विचारलं नाही कशाला आलात. मी पत्रक काढलं, त्यांच्या नावावर एक आडवी रेघ मारली, बेरीज बदलली. त्या बघत होत्या. म्हणाल्या, "आता आमी किती?"

"एक," म्हटलं.

म्हातारे आणखी तीन दिवसांनी गेले असते तर त्या कागदावर राहिले असते, हा विचार तेव्हाही आला आणि आता त्या ओळीतला पुरुषांचा आकडा बघतानाही आला.

माझे आजोबा जनगणनेला शिरगणती म्हणत. त्यांच्या तरुणपणी सगळ्या देशाची गणती एकाच रात्री व्हायची. १९३१ पर्यंत तशीच पद्धत होती. आजोबा सांगायचे, मास्तर पुढे आणि कंदील धरून आपण मागे, अशी त्या रात्री सगळी वाडी पालथी घातली होती. जिथे दिवा दिसेल तिथे जायचं. जुन्या महसुली कागदांत वस्ती नसलेल्या गावाला "बेचिराख" म्हणतात. आपण तो शब्द आग-लढाईशी जोडतो, पण मूळ अर्थ एवढाच, की जिथे चिराग नाही, दिवा लागत नाही ते गाव. जनगणनेच्या यादीत आजही अशी गावं असतात: क्रमांक आहे, नाव आहे, क्षेत्रफळ आहे, आणि माणसांच्या रकान्यात शून्य. आमच्या गावाची ओळ शोधताना अशा शून्यांवरून माझी नजर गेली. वाड्यांची ओळ वेगळी छापली असती तर गुरववाडीच्या वरच्या अंगाला तसंच शून्य आलं असतं.

हे सगळं नुसत्या हळहळीचं असतं तर मी लिहिलं नसतं. आकड्यावर गोष्टी ठरतात. ग्रामपंचायतीत सदस्य सात की नऊ, ते लोकसंख्येवर. आरोग्य उपकेंद्र सपाटीला पाच हजारांमागे, डोंगराळ भागात तीन हजारांमागे. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली ती २००१ च्या गणनेवरून, आणि त्यात आमच्या जिल्ह्यातले खेड आणि संगमेश्वर हे विधानसभेचे मतदारसंघ गेले. सातांचे पाच झाले. नळपाणी योजनेचा हिशेब दरडोई रोजचे ५५ लिटर. आता तो माणसांच्या कुठल्या आकड्याने गुणायचा? फेब्रुवारीच्या आकड्याने गुणलं की टाकी फेब्रुवारीला पुरते आणि मे महिन्यात तळ गाठते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात बायका हंडे घेऊन वहाळातल्या डवऱ्यावर रांग लावतात, त्याला कारणं अनेक आहेत, पण हेही एक आहे. मुंबईकरांना दोष देऊन काही होत नाही. ते त्यांच्याच घरी येतात.

मला काय हवंय ते अगदी थोडं आहे. फेब्रुवारीतली गणना बदलू नका. जो तिथे आहे त्याला तिथे मोजणं बरोबरच आहे. आजी एकट्या होत्या, तर कागदावर त्या एकट्याच दिसायला हव्यात, नाहीतर त्यांच्यापर्यंत नर्सबाई येणार कशा? पण ग्रामपंचायतीने आपल्यापुरती एक दुसरी वही ठेवावी. मे महिन्यात एकदा आणि गणपतीत एकदा, वाडीवार. कुठलं घर उघडं, माणसं किती, पाणी कुठून. अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील मिळून चार दिवसांत होईल. आमच्या ग्रामसभेत मी हे मांडलंय. नकाशा माझ्याकडे आहे, चौकोन घालून तयार.

पुढच्या जनगणनेची तारीख जाहीर झालीय: १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. २०२१ ची करोनामुळे राहिली, म्हणजे सोळा वर्षांनी कोणीतरी त्या वाटेने जाणार. या वेळी पाटी नाही, मोबाइल. त्या वर्षीही होळी मार्चच्या वीस तारखेनंतर आहे, तेव्हा आमचं गाव पुन्हा फेब्रुवारीतलंच मोजलं जाईल. आमच्या शाळेवर आता मराठवाड्यातले एक तरुण गुरुजी आहेत. त्यांना घेऊन मी मागच्या रविवारी सगळ्या वाड्या फिरले, कुठे रेंज येते तेही दाखवलं. सड्यावरच्या फणसाखाली येते.

वरच्या वाडीतल्या आजी २०१४ ला गेल्या. घराला कुलूप आहे, कौलं बदलायला झालीयत. त्याबद्दलच बोलायला त्यांच्या धाकट्याचा नालासोपाऱ्याहून फोन आला होता. माझाच विद्यार्थी. कौलांचं झाल्यावर मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे जनगणनेचा माणूस येईल. मागच्या वेळेसारखा जन्म कुठे झाला हे विचारलं, तर "कोकण" म्हणून मोकळा होऊ नकोस, आणि सवयीने "मुंबई" तर मुळीच सांगू नकोस. गावाचं नाव सांग, जिल्हा रत्नागिरी सांग. आपल्यासारख्या नावाची गावं तीन तालुक्यांत आहेत, म्हणून तालुका लांजा हेही सांग.

"वाडीचं नाव सांगू काय, बाई?"

"सांग," म्हटलं. "रकाना नसला तरी सांग."